मुलांचे क्लास आणि मोकळा वेळ: आठवडा असा आखा

चौथीतल्या मुलाला किती क्लास लावावेत, हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. आकड्याआधी वार आणि वेळ बघा. चुकीच्या वेळेचा एकच क्लास अख्खी संध्याकाळ खातो.

१. क्लासचा खरा वेळ काढा

प्रत्येक क्लाससमोर चार आकडे लिहा: शिकवणी, जाणं-येणं, निघायची तयारी, घरचा सराव. समजा तबला आठवड्यातून दोनदा आहे. शिकवणी १२० मिनिटं. एका खेपेला जाऊन-येऊन ४० म्हणजे दोन खेपांची ८०. तयारीची १५ प्रमाणे ३०. रोज २० मिनिटं रियाज, पाच दिवस, म्हणजे १००. झाले साडेपाच तास! सरावाचा रकाना बहुतेक घरांत कोराच राहतो, म्हणून रियाज रात्री नऊला, पेंगत होतो.

२. झोपेपासून मागे मोजा

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते. सातला उठायचं तर साडेनऊला दिवा बंद. शाळेतून पाचला आलेल्या मुलाकडे साडेचार तास असतात. त्यातून खाणं-आवरणं, गृहपाठ आणि जेवण यांना पाऊण-पाऊण तास द्या, दप्तर भरून अंथरुणात शिरेपर्यंत अर्धा तास धरा. उरतात पावणेदोन तास. तबल्याचा दिवस (शिकवणी ६०, जाणं-येणं ४०, तयारी १५) १ तास ५५ मिनिटांचा! खेळ शून्य, शिवाय दहा मिनिटं झोपेतून गेली, आणि रियाज अजून बाकीच.

३. संध्याकाळी मोकळ्या करा

सोमवार ते शुक्रवार निदान तीन संध्याकाळी एकही क्लास नको. एक क्लास शनिवारी सकाळी ढकलता आला तर उत्तम. रविवारचा अर्धा दिवस कशालाही देऊ नका, स्पर्धा परीक्षेच्या तयारीलासुद्धा नाही.

४. खाली मुलं कधी असतात ते बघा

हे सहसा कुणी बघत नाही. सोसायटीतली मुलं साधारण साडेपाच ते सात खाली असतील आणि आपल्या मुलाचा क्लास सहाचा असेल, तर तो साडेसातला मोकळा होतो, तेव्हा खेळायला कुणीच नसतं. मग मोबाइल हातात येतो आणि बोलणी मुलाला बसतात. आठवडाभर खाली कोण कधी येतं ते टिपा आणि क्लासमध्ये सातची किंवा शनिवारची बॅच मागा. पाऊण तासाहून छोटा तुकडा खेळात धरू नका. गडी पाडण्यात आणि भांडण्यातच पहिली पंधरा मिनिटं जातात. (ती भांडणंही खेळच.)

५. काय ठेवायचं, काय सोडायचं

जागतिक आरोग्य संघटना या वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सुचवते. रोज तासभर पळापळ करणाऱ्या मुलाला फिटनेससाठी वेगळं कोचिंग नको. पोहणं मात्र शिकवावंच, पण मे महिन्यात रोजची बॅच लावून. शाळेच्या दिवसांत ते सर्वांत जास्त वेळ खातं. गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रांत होतात. त्याआधीच्या दोन महिन्यांत रियाज वाढतो, तेव्हा नवा क्लास लावू नका.

तिमाही फीची सवलत मोहात पाडते. पहिला महिना महिन्याचीच फी भरा, नाहीतर पैसे वसूल करण्यासाठी मुलाला ओढत न्यावं लागतं. मूल 'नको' म्हणालं, तर नेमकं काय नको ते विचारा: विषय, सर की वेळ? वेळ नको असेल तर बॅच बदलून काम भागतं. विषयच नको असेल तर भरलेली फी संपेपर्यंत जाऊ द्या आणि मग बंद करा. एका वेळी एकच क्लास काढा, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळतं.

६. रिकामा वेळ भरू नका

पहिले काही दिवस मूल 'कंटाळा आला' म्हणत मागे-मागे फिरेल. पंधरा-वीस मिनिटं काहीही सुचवू नका, चित्र काढ असंही नाही. टीव्ही आणि मोबाइल या वेळात धरू नका, त्यांची वेळ वेगळी ठेवा. चेंडू, दोरी, खडू, पत्ते, रिकामे खोके हाताला लागतील असे ठेवा आणि पसारा जेवणाआधी त्यालाच आवरू द्या.