जुन्या गाडीला नवे टायर घेताना

दुकानात गेल्यावर सगळ्यात आधी विचारलं जातं, "कोणत्या कंपनीचे चांगले?" हा प्रश्न शेवटी विचारला तरी चालतो. दहा-पंधरा वर्षं चाललेल्या घरच्या गाडीला टायर घेताना सुरुवात जुन्या टायरपासून करायची. ते कसे झिजलेत यावरून गाडीत काय बिघडलंय ते कळतं. बिघाड तसाच ठेवला, तर भारीतले भारी टायरही वर्षभरात त्याच पद्धतीनं खराब होतात.

आधी जुने टायर नीट बघा

गाडी सपाट जागी लावा आणि स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवा, म्हणजे पुढच्या टायरचा अख्खा पट्टा समोर येतो. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत असेल, तर हवा कायम कमी राहिली आहे. मधलाच भाग गुळगुळीत झाला असेल, तर हवा जास्त भरली जात होती. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड गेली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडलीय, आणि जुन्या गाडीत त्यामागे बहुधा चाकाला धरणारा एखादा ढिला सांधा (बॉल जॉइंट, टाय रॉड एंड) किंवा फाटलेला बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, निघतो. नक्षीत जागोजागी खड्डे-उंचवटे पडले असतील तर शॉकअप संपलेत, नाहीतर चाकाचं बॅलन्सिंग गेलंय.

एक खूण डोळ्यांना सहसा दिसत नाही, हाताला कळते. टायरची तार कुठे बाहेर आली नाही ना ते बघून घ्या आणि तळहात पट्ट्यावरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेनं गुळगुळीत लागलं आणि उलट दिशेनं करवतीच्या दात्यांसारखं बोचलं, तर टो, म्हणजे चाकाचं पुढचं टोक किती आत-बाहेर वळलंय ते, बिघडलाय. चाक किंचित तिरपं राहून रस्त्यावर घासत चाललंय. असं असूनही गाडी सरळ धावू शकते, त्यामुळे हा दोष महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

ढिले भाग आधी बदलून घ्या. अलाइनमेंट मात्र नवे टायर चढवल्यावर करायची. ढिल्या जॉइंटवर केलेली अलाइनमेंट पहिल्या दोन-चार खड्ड्यांत बिघडते.

टायर संपला की नाही हे बघायला खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे दिलेले असतात, १.६ मिलिमीटर उंचीचे. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायर गेला. ओल्या रस्त्यावरची पकड मात्र त्याच्या बरीच आधी उतरते, म्हणून ३ मिलिमीटरला आल्यावर नव्या टायरचा विचार सुरू करावा. आणि बाजूच्या भिंतीवर फुगा आला असेल तर खोली मोजत बसू नका. आतले दोर तुटलेत, त्याला दुरुस्ती नाही.

आकड्यांचा अर्थ

टायरच्या भिंतीवर १८५/६५ आर१५ ८८एच असं लिहिलेलं असेल, तर १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आणि १५ हा रिमचा व्यास इंचांत. 'आर' म्हणजे रेडिअल, आतले दोर कडेपासून कडेपर्यंत आडवे असलेला टायर. त्याचा अर्थ त्रिज्या असा लावणारे बरेच भेटतात, पण तसं नाही. ८८ हा वजनाचा क्रमांक आहे, एका टायरला ५६० किलो. ८२ म्हणजे ४७५ किलो, ७९ म्हणजे ४३७ किलो. शेवटचं अक्षर वेगाचं: 'टी' ताशी १९० किलोमीटरपर्यंत, 'एच' २१०पर्यंत.

गाडीचा मूळ आकार ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत, पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा पुस्तिकेत मिळतो. सध्या चढवलेल्या टायरवर विसंबू नका, आधीच्या मालकानं काहीतरी वेगळंच चढवलेलं असू शकतं. वजनाचा क्रमांक आणि वेगाचं अक्षर मूळपेक्षा खाली कधीच नको. वर चालतं. 'एक्सएल' छापाचे टायर जास्त वजन पेलतात पण त्यांची भिंत कडक असते. तेवढ्या वजनाची गरज नसताना ते घेतले, तर जुन्या बुशांवर चालणारी गाडी आणखी खडखडते.

फार जुन्या टायरवर नुसतं १५५ आर१३ असं असतं. तिथे भिंतीची उंची ८० टक्क्यांच्या आसपास धरलेली असते, त्यामुळे १५५/८० आर१३ बसतो.

खरी पंचाईत पुढे येते. जुन्या गाडीचा आकार हल्ली सहज मिळत नाही आणि दुकानदार "हा पण बसतो" म्हणून दुसराच पुढे करतो. तेव्हा तिथल्या तिथे हिशेब करा: रुंदी गुणिले टक्केवारी, त्याची दुप्पट, अधिक रिमचे इंच गुणिले २५.४. १५५/८० आर१३ चा व्यास येतो ५७८ मिलिमीटर. १७५/७० आर१३ चा ५७५. फरक अर्ध्या टक्क्याचा, म्हणजे स्पीडोमीटरला तो जाणवणारही नाही. फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवा. व्यास वाढला की काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायला लागतो.

व्यास जुळला म्हणून काम झालं असं नाही. त्या रुंदीला रिम पुरेशी रुंद आहे का, हे टायर कंपनीच्या तक्त्यात बघावं लागतं. रिमची रुंदी रिमवरच इंचांत कोरलेली असते, '४ १/२ जे' किंवा '५ जे' अशी. पाच माणसं बसवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा आणि टायर कुठे घासतो का ते बघा. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत रुंद टायरनं पार्किंग करताना हात दुखतात, हेही लक्षात असू द्या. शंका असेल तर मूळ आकारासाठी आठवडाभर थांबलेलं बरं.

किती टिकेल, यापेक्षा किती जुना आहे

भिंतीवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटचे चार आकडे म्हणजे टायर तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष: २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर २०००च्या आधीचा आहे, तिथून निघा. काही टायरवर पूर्ण ओळ एकाच बाजूला असते. ती बाजू आत गेली तर नंतर वाचता येत नाही, म्हणून चढवण्याआधी चारही टायरच्या तारखा वाचून घ्या. वर्षाच्या आतला उत्तम, दोन वर्षांपर्यंतचा चालेल, त्याहून जुना असेल तर सवलत कितीही असो, सोडून द्या.

तारखेवर एवढा भर का? कारण जी गाडी वर्षाला पाच-सात हजार किलोमीटरच चालते, तिचे टायर झिजून संपत नाहीत, वयानं संपतात. रबर कडक होतं, भिंतीवर बारीक भेगा पडतात, नक्षी मात्र अजून छान दिसते. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या आणि दहा वर्षांचा टायर नक्षी कितीही शिल्लक असली तरी बदला, असं अनेक टायर कंपन्या सांगतात. काही गाडी कंपन्या सहा वर्षांवरच थांबायला सांगतात.

यातून निवडही ठरते. कमी चालणाऱ्या गाडीला 'लाखभर किलोमीटर चालेल' असा कडक रबराचा टायर घेणं म्हणजे कधीच न वापरल्या जाणाऱ्या आयुष्याचे पैसे मोजून पकड गमावणं. भिंतीवर 'ट्रेडवेअर' असा आकडा असेल तर तो जितका मोठा तितका टायर सावकाश झिजतो. पण तो आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करण्यापुरताच वापरा. त्याच्या शेजारचं 'ट्रॅक्शन'चं अक्षर ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना किती पकड मिळते ते सांगतं: 'एए' सर्वांत वर, मग 'ए', 'बी', 'सी'. एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीला निदान 'ए' हवाच. रोज शंभर किलोमीटर धावणारी गाडी असेल तर हिशेब उलटा, तिथे टिकाऊपणाला पैसे द्या.

वापरलेले टायर घेऊ नका. आतून केलेली दुरुस्ती आणि हवा नसताना पळवल्यामुळे सोललेली आतली भिंत रिमवर चढवलेल्या टायरमध्ये दिसत नाही.

दोनच घ्यायचे असतील तर

नवे टायर मागे, मागचे चांगले टायर पुढे. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. हे ऐकून दुकानातही वाद होतो, पण कारण साधं आहे. साचलेल्या पाण्यावर पुढचे टायर घसरले तर स्टिअरिंग हलकं लागतं, गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की ताब्यात येते. मागचे घसरले तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ते सावरणं रोजच्या ड्रायव्हरच्या हातचं नसतं. एका अक्षावरचे दोन्ही टायर एकाच आकाराचे, एकाच नक्षीचे हवेत. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर चारही एकदमच बदला.

चढवताना समोर उभे राहा

जुन्या स्टीलच्या रिमवर टायरची कड बसते तिथे गंज असतो. तो तारेच्या ब्रशनं घासून काढायला सांगा, नाहीतर नव्या टायरमधूनही दर आठवड्याला थोडी हवा जात राहील. हबला, म्हणजे चाक बसतं त्या मधल्या भागाला, रिम टेकते तिथलाही गंज काढा, त्यानं चाक किंचित वाकडं बसतं. रबरी वॉल्व्ह प्रत्येक वेळी नवाच. हवा भरल्यावर कडेभोवती आणि वॉल्व्हवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा. रिम गळते म्हणून ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालून देतो म्हणाले तर नको म्हणा. ट्यूब आत घासून तापते आणि पंक्चर झालं की हवा एकदम जाते. रिम दुरुस्त करा किंवा बदला.

भिंतीवर बाण असेल तर तो पुढे जाण्याच्या दिशेनं, आणि 'आउटसाइड' असेल तर ती बाजू बाहेर. नट हवेच्या गननं करकचून आवळू देऊ नका. पुस्तिकेतल्या मापानं, टॉर्क पान्यानं (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना), समोरासमोरच्या क्रमानं आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

हवा दाराच्या पट्टीवर दिली आहे तेवढी, आणि टायर थंड असताना, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. नव्या रबरावर साच्यातला बुळबुळीत थर असतो, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर ब्रेक जरा आधी लावा.

निघण्याआधी डिकी उघडा आणि स्टेपनीची तारीख वाचा. जुन्या गाडीत ती बऱ्याचदा गाडीइतकीच जुनी निघते. काढलेल्या चार टायरपैकी सगळ्यात चांगला आणि वयानं कमी असलेला स्टेपनीच्या रिमवर चढवून घ्या, आणि हवा दोन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्त ठेवा.