रोजच्या वापराला ॲडमिन खातं नको

विंडोज बसवताना तयार होणारं पहिलं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं, म्हणजे संगणकात काहीही बदलायची मुभा असलेलं असतं, आणि बहुतेक जण वर्षानुवर्षं त्याच खात्यातून मेल, गाणी, डाउनलोड सगळं करतात. मीही करायचो. मग भाच्याने एका गेमसोबत आलेल्या खिडकीत ‘येस’ दाबलं आणि ब्राउझरपासून अँटीव्हायरसपर्यंत सगळं बिघडलं. त्या ‘येस’ला पासवर्ड लागला असता, तर तो तिथेच थांबला असता.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युझर्स इथे जा. आधी नवीन खातं जोडा, ‘चेंज अकाउंट टाइप’मधून त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा आणि भक्कम पासवर्ड द्या. आता साइन आउट करून या नव्या खात्यात एकदा प्रत्यक्ष शिरून बघा. ही पायरी कृपा करून गाळू नका. पासवर्ड चुकीचा टाइप झाला असेल तर तो इथेच कळतो. मग तिथूनच तुमचं जुनं खातं ‘स्टँडर्ड युझर’, म्हणजे मर्यादित अधिकारांचं करा. फाइल्स, फोटो, डेस्कटॉप जागच्या जागी राहतात.

यापुढे बहुतेक प्रोग्रॅम इन्स्टॉल करताना ॲडमिनचा पासवर्ड विचारला जाईल. तुम्ही स्वतः काही सुरू केलेलं नसताना ती खिडकी आली, तर सरळ ‘नो’. मुलांना वेगळं स्टँडर्ड खातं द्या. ॲडमिनचा पासवर्ड मात्र वहीत लिहून कपाटात ठेवा, मॉनिटरला चिकटवू नका. आणि स्टँडर्ड खात्यातही तुमच्या स्वतःच्या फाइल्स व्हायरसच्या हाती लागू शकतात, म्हणून बॅकअप चालूच ठेवा.