विमानाचा मार्ग तपासताना या चुका टाळा

७ जुलै १९६२ ची मध्यरात्र उलटून गेली होती. ऐन पावसाळ्यात बँकॉकहून मुंबईकडे येणारं अलितालियाचं डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं आणि ९४ माणसं गेली. मुंबई अजून सुमारे ८० किलोमीटर लांब होती. कॉकपिटमध्ये मात्र शहर जवळ आल्याचा समज झाला होता, त्यामुळे विमान वेळेआधीच खाली आणलं गेलं. तेव्हाची यंत्रं जुनी होती, हे खरं. पण नंतरच्या अपघातांचे अहवाल वाचताना त्याच त्या चुका पुन्हा भेटतात. पायलटचं प्रशिक्षण घेणाऱ्यांनी त्या नीट समजून घ्याव्यात, असं मला मनापासून वाटतं.

सोबत्याचा आकडा पाहून आपला लावणं

माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच. ३ सप्टेंबर १९८९ ला वारिगचं बोइंग ७३७ ब्राझीलमधल्या माराबाहून बेलेमला निघालं. प्रवास जेमतेम पाऊण तासाचा. फ्लाइट प्लॅनवर दिशा छापली होती ०२७०. त्यातलं शेवटचं शून्य दशांशाचं होतं, म्हणजे दिशा २७ अंश, साधारण उत्तरेकडची. कॅप्टनने ती २७० वाचली, म्हणजे थेट पश्चिम. को-पायलटने कागद न बघता कॅप्टनच्या बाजूचा आकडा पाहून आपल्या बाजूलाही २७० लावला. आता दोन्ही बाजू जुळत होत्या, आणि दोन्ही चुकीच्या होत्या.

वेळ संध्याकाळची होती. बेलेमकडे जाताना मावळता सूर्य डाव्या हाताला असायला हवा होता, तो नाकासमोर होता. तीन तासांहून जास्त उडून इंधन संपलं आणि विमान अंधारात अॅमेझॉनच्या जंगलात उतरवावं लागलं. त्यात काहींचा जीव गेला.

म्हणून विमानाच्या कॉम्प्युटरमध्ये मार्ग भरणाऱ्याने आणि तो तपासणाऱ्याने कागद वेगवेगळा वाचायचा. प्रत्येक टप्प्याची दिशा आणि अंतर मोठ्याने म्हणायचं आणि स्क्रीनवरच्या आकड्यांशी ताडून बघायचं. शेवटी एकूण अंतरही जुळतंय का ते पाहायचं. आकडा खटकला तर को-पायलटने तिथल्या तिथे म्हणावं, "सर, हे मला जुळत नाहीये, परत बघू या." समोरचा कितीही अनुभवी असला तरी हे म्हणायलाच हवं.

नाव ओळखीचं दिसलं की बटण दाबणं

२० डिसेंबर १९९५ ला अमेरिकन एअरलाइन्सचं बोइंग ७५७ कोलंबियातल्या काली शहराकडे उतरत होतं. रोझो नावाच्या बीकनकडे, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या रेडिओ केंद्राकडे जायचं होतं. नकाशावर त्याची खूण 'आर' होती, म्हणून कॉम्प्युटरमध्ये 'आर' टाकलं गेलं. कॉम्प्युटरच्या साठ्यात मात्र 'आर' म्हणजे बोगोटाजवळचा रोमिओ बीकन होता. दुसऱ्या पायलटला न दाखवताच एक्झिक्यूट, म्हणजे बदल लागू करणारं बटण दाबलं गेलं आणि विमान डावीकडे डोंगररांगेकडे वळलं. १५९ जण गेले, चौघे वाचले. मार्गावरच्या नव्या बिंदूकडे जाणारी रेघ स्क्रीनवर आधी पाहा, दुसऱ्याचा होकार घ्या, मगच एक्झिक्यूट. गडबडीत असाल तर एटीसीकडे (हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाकडे) वेळ मागा.

अटलांटिक ओलांडताना अशीच फसगत एका अक्षराने होते. स्क्रीनवर ५२५०एन म्हणजे ५२ अंश उत्तर, ५० अंश पश्चिम. तेच एन५२५० असं दिसलं तर अक्षांश ५२ अंश ३० मिनिटं होतो, म्हणजे ३० सागरी मैलांचा फरक. तेव्हा नुसतं नाव वाचून थांबू नका, बिंदू उघडून पूर्ण अक्षांश-रेखांश वाचा. बिंदू ओलांडल्यावर साधारण दहा मिनिटांनी आपली जागा नकाशावर मांडून पाहायची पद्धत आहे. ती कंटाळवाणी वाटली तरी सोडू नका.

मार्ग भरला म्हणजे विमान त्यावर चाललंय असं धरणं

१९८३ मध्ये अँकरेजहून सोलकडे निघालेलं कोरियन एअर लाइन्सचं ००७ एकच चुंबकीय दिशा धरून उडत राहिलं. भरलेल्या मार्गाला ऑटोपायलट जोडलाच गेला नव्हता. विमान सोव्हिएत हद्दीत शिरलं, पाडलं गेलं आणि २६९ जण गेले. बोइंगच्या स्क्रीनवर एलनॅव्ह (भरलेल्या मार्गावरून विमान नेणारी ऑटोपायलटची सोय) पांढऱ्या अक्षरांत असेल तर ते नुसतं तयार असतं, हिरवं झालं की लागू होतं. हा रंग प्रत्येक वेळी नजरेखालून गेला पाहिजे.

गेटवरची जागा घाईत भरणं

उड्डाणाआधी गेटवर विमान कुठे उभं आहे ते अक्षांश-रेखांश कॉम्प्युटरला सांगावे लागतात. सिडनी, मार्च २०१५. एअरएशिया एक्सच्या ए३३० मध्ये रेखांश १५१ अंश ९.८ मिनिटांऐवजी १५ अंश १९.८ मिनिटं भरला गेला. विमानाच्या लेखी ते केप टाउनजवळच्या समुद्रात उभं होतं, ११ हजार किलोमीटर दूर. क्वालालंपूरला न जाता त्याला मेलबर्नला उतरावं लागलं. भरलेली जागा जीपीएसशी आणि गेटच्या छापील आकड्यांशी ताडून पाहायला मिनिटही लागत नाही.

धावपट्टी दिसली की यंत्रांकडे न बघणं

२४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ मुंबईत सांताक्रूझऐवजी जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं आणि धावपट्टी संपल्यावरही पुढे निघून गेलं. १९५३ मध्ये बीओएसीचं कॉमेटही तिथे असंच चुकून उतरलं होतं. दोन्ही विमानतळ जवळजवळ, धावपट्ट्यांच्या दिशा साधारण सारख्या आणि समुद्राकडून येताना जुहू आधी लागतं. हवा स्वच्छ असली तरी आयएलएस (धावपट्टीकडे नेणारी रेडिओ यंत्रणा) लावा, त्याची ओळख पटवा आणि अंतर बघत राहा. धावपट्टी पायाखाली आली आणि यंत्र अजून दीड-दोन मैल दाखवत असेल, तर गो-अराउंड करा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जा.