पेडल थरथरलं तरी पाय उचलू नका: एबीएस समजून घेऊन वापरायचं कसं

पावसाळा सुरू झाला की गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते: "अर्जंट ब्रेक मारला की पेडल खालून लाथा मारतंय, खडखड आवाज येतोय, जरा बघून घ्या." मीही एकदा हीच तक्रार घेऊन गेलो होतो. मेकॅनिकने गाडीखाली डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. "लाथ बसल्यावर तुम्ही काय केलंत?" एवढंच विचारलं. म्हटलं, घाबरून पाय उचलला. "तिथंच चुकलात. ब्रेक बिघडला नव्हता, एबीएस चाललं होतं."

एबीएस म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम, जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. गाडीत ती असूनही तिचा फायदा न मिळण्याचं मोठं कारण हा उचललेला पायच आहे. तो उचलू नये असं वाटत असेल, तर पेडल का थरथरतं ते आधी कळायला हवं.

आधी समजून घ्या: चाक जाम झालं की काय होतं

ओल्या रस्त्यावर सायकलचा मागचा ब्रेक करकचून दाबला की चाक फिरायचं थांबतं, पण सायकल थांबत नाही. ती फरफटत जाते आणि शेपूट एका बाजूला निघतं. कारचंही तेच होतं. फिरत्या टायरचा रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणापुरता रस्त्याला धरून असतो. जाम झालेला टायर नुसता घासत जातो आणि पकड कमी होते. त्याहून वाईट म्हणजे स्टिअरिंग निरुपयोगी होतं. पुढची चाकं कितीही वळवली तरी गाडी ज्या दिशेला चालली होती, तिकडेच सरळ जाते.

डांबरी रस्त्यावर सगळ्यात चांगली पकड मिळते ती चाक गाडीपेक्षा थोडंसंच मागे पडलेलं असताना. गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे आणि चाक ४२ च्या हिशोबाने फिरतंय, असं काहीसं. म्हणजे साधारण १० ते २० टक्क्यांचा फरक. पायाने हे प्रमाण सांभाळणं कसलेल्या ड्रायव्हरलाही कठीण, आणि चार चाकांना वेगवेगळं सांभाळणं तर अशक्यच, कारण पेडल एकच असतं.

बॉनेट उघडा आणि ठोकळा शोधा

ब्रेक ऑइलच्या डबीच्या आसपास, कधी थोडा खाली, मुठीएवढा किंवा त्याहून जरा मोठा ॲल्युमिनियमचा ठोकळा दिसेल. त्यात बारीक धातूच्या नळ्या शिरलेल्या असतात. बहुतेक गाड्यांत त्या सहा असतात: मास्टर सिलिंडरकडून (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणाऱ्या भागाकडून) येणाऱ्या दोन, चाकांकडे जाणाऱ्या चार. ठोकळ्याला एका बाजूने मोटर आणि दुसऱ्या बाजूने काळी प्लॅस्टिकची पेटी चिकटलेली असते. ती पेटी म्हणजे कंट्रोल युनिट.

चौथा भाग वरून दिसत नाही. प्रत्येक चाकापाशी बोटाएवढा सेन्सर असतो आणि त्याच्यासमोर चाकाबरोबर फिरणारी दातेरी किंवा चुंबकीय रिंग. समोरून दाते किती वेगाने सरकतात यावरून चाकाचा वेग कळतो.

ठोकळ्याच्या पोटात प्रत्येक चाकासाठी दोन व्हॉल्व्ह असतात, एकूण आठ. ऑइल आत सोडणारा व्हॉल्व्ह एरवी उघडा असतो आणि बाहेर काढणारा बंद. ही मांडणी मला फार आवडते. वीज गेली, वायर तुटली, कंट्रोल युनिट मेलं, तरी उघडा व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि पायाचा दाब नेहमीसारखा चाकापर्यंत पोचतो. एबीएस बंद पडलं तरी साधा ब्रेक शिल्लक राहतो तो यामुळे.

आता अर्जंट ब्रेकच्या वेळी काय घडतं ते पाहा

तुम्ही पेडल जोरात दाबलं. एखाद्या चाकाचा वेग गाडीला शक्यच नाही इतक्या झपाट्याने पडला, तर ते जाम होऊ घातलंय हे कंट्रोल युनिट ओळखतं. पहिल्यांदा आत जाणारा व्हॉल्व्ह बंद होतो, म्हणजे तुम्ही आणखी दाबलंत तरी त्या चाकावरचा दाब वाढत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर बाहेर काढणारा व्हॉल्व्ह उघडतो, थोडं ऑइल बाजूच्या छोट्या कप्प्यात उतरतं आणि चाक पुन्हा फिरू लागतं. मग दाब परत चढवला जातो. सेकंदाला दहा-पंधरा वेळा हे चालू शकतं, आणि प्रत्येक चाकापुरतं त्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे.

कप्प्यात उतरलेलं ऑइल मोटरवरचा पंप उलटं मास्टर सिलिंडरकडे ढकलतो. तुमचा पाय त्याच मास्टर सिलिंडरवर असतो. पेडलची लाथ ती हीच.

कल्पना विमानांकडून आली. धावपट्टीवर चाकं जाम होऊन टायर फुटू नयेत म्हणून डनलॉपने १९५० च्या दशकात विमानांसाठी मॅक्सारेट नावाची यांत्रिक प्रणाली बनवली होती. इलेक्ट्रॉनिक एबीएस बॉशने मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये १९७८ साली आणलं. भारतात नव्या कारना ते सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून, त्यामुळे जुनी गाडी घेताना ते आहे की नाही हे आधी विचारा.

मोकळ्या मैदानात एकदा करून पाहा

१. सुट्या वस्तू मागच्या सीटवरून काढा, सगळ्यांनी पट्टे लावा. सीट इतकी पुढे घ्या की पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. पाय पुरता ताणला गेला तर जोर लागत नाही.

२. मागेपुढे कोणी नाही अशी सपाट, रिकामी, शक्यतो ओली जागा निवडा. वेग ताशी ४० च्या आसपास ठेवा.

३. ब्रेक एकदम, पूर्ण ताकदीने दाबा. हळूच चाचपून दाबला तर एबीएस जागं होणारच नाही. मॅन्युअल गाडीत क्लचही दाबा.

४. थरथर सुरू झाली की गाडी पूर्ण थांबेपर्यंत दाब तसाच ठेवा. ड्रायव्हिंग शिकताना कुणी "ब्रेक टप्प्याटप्प्याने मारायचा" असं सांगितलं असेल, तर ते एबीएस नसलेल्या गाडीसाठी होतं. इथे पंपिंग केलंत तर तुम्ही मशिनचं काम बिघडवता.

५. पुढच्या वेळी रिकामी बाटली उभी करा आणि ब्रेक दाबलेला असतानाच तिला वळसा घाला. एबीएसची खरी कमाई इथे कळते. पण स्टिअरिंग हवं तेवढंच फिरवा. घाबरून पुरतं वळवलंत आणि मग ब्रेक सोडलात, तर पकड एकदम परत येते आणि गाडी भलतीकडे झेपावते.

हँडब्रेक ओढून ही चाचणी करू नका. तारेचा हँडब्रेक एबीएसच्या ताब्यात नसतो, त्याने मागची चाकं सरळ जाम होतात.

त्याच्याकडून काय मागू नये

अंतर कमी करणं हे एबीएसचं मुख्य काम नव्हे. कोकणातल्या खडीच्या, सुट्या मातीच्या रस्त्यावर तर एबीएस असलेली गाडी उलट थोडी लांब जाऊन थांबते, कारण जाम चाकापुढे खडीचा ढीग साचून जो अडसर होतो तो फिरत्या चाकापुढे साचत नाही. आणि टायर गुळगुळीत असेल तर सांभाळायला पकडच उरत नाही. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानेही तो टायर बाद.

दिवा आणि देखभाल

चावी फिरवल्यावर एबीएसचा पिवळा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. लागलाच नाही तर कुणी बल्ब किंवा वायर काढून दोष लपवलाय का, ते बघा. विशेषतः जुन्या गाडीत. गाडी चालताना तो पेटून राहिला तर साधा ब्रेक आहे, एबीएस नाही, असं समजून हळू चालवत गॅरेज गाठा. त्याच्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर मात्र पुढे जाऊ नका. गाडी तिथेच बाजूला घ्या.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदला. नेमकी मुदत आणि ऑइलचा प्रकार, डॉट ३ की डॉट ४, हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं.

दिवा लागल्याबरोबर कुणी "ठोकळाच बदलावा लागेल" म्हणालं तर थांबवा. आधी स्कॅनर लावायला सांगा, म्हणजे कोणत्या चाकाची तक्रार आहे ते कळेल. मग त्या चाकाचा सेन्सर, त्याची वायर आणि कनेक्टर, रिंगवर साचलेला चिखल नि गंज, आणि बेअरिंगमधली ढिलाई, या क्रमाने बघायला सांगा. नुकतंच बेअरिंग बदललं असेल तर ते उलटं बसलंय का हेही विचारा. चुंबकीय रिंग बेअरिंगच्या एकाच बाजूला असते, आणि ती सेन्सरच्या विरुद्ध बाजूला गेली की सेन्सरला काहीच दिसत नाही.