डीव्हीडी प्लेयर काँप्युटरला जोडला, माझा अनुभव

ताईच्या लग्नाची डीव्हीडी काँप्युटरच्या ड्राइव्हमध्ये वाचतच नव्हती, पण जुन्या प्लेयरवर मस्त चालायची, म्हणून म्हटलं प्लेयरच काँप्युटरला जोडू आणि रेकॉर्ड करून ठेवू, डिस्क पूर्ण जायच्या आत. एचडीएमआय केबल आणून प्लेयरमधून थेट ग्राफिक्स कार्डात लावली, काहीच नाही. दोन तास गेले तेव्हा कळलं की कार्डाचं ते पोर्ट फक्त आउटपुट आहे, मॉनिटरला चित्र पाठवायला, बाहेरचं चित्र आत घेतच नाही.

मग बाहेरचं चित्र काँप्युटरमध्ये घेणारं यूएसबीचं कॅप्चर डिव्हाइस आणलं. प्लेयरची पिवळी पिन व्हिडिओला, लाल-पांढऱ्या आवाजाला. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ते सोर्स म्हणून घेतलं तर चित्र आलं पण काळंपांढरं आणि वर सरकत राहणारं! सेटिंगमध्ये एनटीएससी ही अमेरिकेकडची व्हिडिओ पद्धत होती, आपल्याकडच्या डिस्क बहुतेक पाल (PAL) पद्धतीच्या असतात, ते बदललं, चित्राचा आकार ७२०×५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम ठेवलं, की लगेच ताईचा हिरवा शालू दिसला. आवाज येत नव्हता, तो ऑडिओ इनपुट म्हणून वेगळा अॅड करावा लागला. आईने अख्खी डीव्हीडी रेकॉर्ड होईस्तोवर बसून पाहिली, आजोबा दिसले तिथे मला दोनदा मागे घ्यायला लावलं.