'द कॉम्प्युटर प्रोग्रॅम' बघताना कीबोर्ड जवळ ठेवा

बीबीसी टूवर जानेवारी 1982 मध्ये 'द कॉम्प्युटर प्रोग्रॅम' सुरू झाला. दहा भागांच्या या मालिकेत ख्रिस सर्ल भाबडे प्रश्न विचारायचे आणि इयन मॅकनॉट-डेव्हिस उत्तरं द्यायचे. मालिकेच्या जोडीला ॲकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो होता. हाच संगणक 1984-85 पासून 'क्लास' या संगणक-शिक्षणाच्या प्रकल्पातून आपल्याकडच्या शाळांत पोचला. मालिका आज नुसती बघितली तर संथ वाटते. पडद्यावर लिस्टिंग, म्हणजे प्रोग्रॅमच्या ओळी, आलं की चित्र थांबवायचं आणि ते टाइप करायचं, म्हणजे रंग चढतो.

बीबीसीने 2018 मध्ये 'कॉम्प्युटर लिटरसी प्रोजेक्ट' या नावाने हे जुने भाग इंटरनेटवर खुले केले. एका खिडकीत भाग लावा, दुसरीत 'जेएसबीब' (jsbeeb) हा ब्राउझरमध्येच चालणारा एम्युलेटर, म्हणजे जुन्या मायक्रोची नक्कल करणारा प्रोग्रॅम, उघडा आणि मायक्रोचं मॉडेल बी निवडा. अवतरणचिन्ह किंवा फुली (*) भलत्याच कळीवर सापडली तर सेटिंगमध्ये कीबोर्डची मांडणी 'नॅचरल' करा. मूळ यंत्रावर ही चिन्हं वेगळ्या जागी होती. ब्रेक कळ म्हणजे एफ12. चुकून दाबली गेली तर घाबरू नका, लगेच 'ओल्ड' टाइप करा, प्रोग्रॅम परत येतो. पान रिफ्रेश केलं तर मात्र सगळं गेलं, म्हणून लिस्टिंगची प्रत वेगळ्या फाइलमध्ये असू द्या.

आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या इंग्रजी मोठ्या अक्षरांत हव्यात. लहान अक्षरांत 'प्रिंट' लिहिलंत की यंत्र 'मिस्टेक' म्हणून मोकळं होतं. 'नो सच व्हेरिएबल' आलं तर बहुतेक वेळा शून्याच्या जागी ओ पडलेला असतो. मोड 7 मध्ये (मोड म्हणजे पडद्यावर मजकूर आणि चित्र दाखवायची पद्धत) शून्याला तिरकी रेघ नसते, त्यामुळे थांबवलेल्या धूसर चित्रात दोघांत गफलत होणारच. शून्य निमुळतं, ओ चौकोनी, एवढं लक्षात ठेवा. त्याच मोडमध्ये उघडणारा चौकटी कंस डावीकडच्या बाणासारखा दिसतो, तेव्हा बाण दिसला तर कंस टाइप करा. व्हेरिएबलला, म्हणजे किंमत साठवायच्या नावाला, मोठ्या अक्षरांत 'टोटल' (TOTAL) नाव दिलंत तरी अडेल, कारण त्याची पहिली दोन अक्षरं 'टू' (TO) ही मायक्रोच्या बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेतली आज्ञा आहे. लहान अक्षरांतलं 'टोटल' चालतं.

'नो रूम', म्हणजे मेमरीत जागा नाही, असं आलं तर दोष तुमचा नाही. 32 केबी मेमरीतूनच पडद्यालाही जागा लागते. मोड 7 ला 1 केबी पुरते, रंगीबेरंगी मोड 2 ला 20 केबी. डिस्क प्रणाली सुरू असताना मोड 7 मध्ये प्रोग्रॅमसाठी 25,344 बाइट उरतात, मोड 2 मध्ये फक्त 5,888. उपाय सोपा आहे, पण टाइप करायला बसण्याआधीच करायचा, कारण शेवटच्या 'न्यू'ने आधीचं सगळं पुसलं जातं: फुली लावून 'टेप', मग 'पेज=3584' (पेज म्हणजे मेमरीत प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ती जागा), मग 'न्यू'. डिस्कने अडवलेले 2,816 बाइट सुटतात. ब्रेक दाबला की पेज पुन्हा 6400 वर जातं.

मालिकेत नसलेली एक गंमत म्हणजे मायक्रोवर मराठी अक्षर. आधी 'मोड 5' द्या, कारण मोड 7 मध्ये स्वतः आखलेली अक्षरं दिसतच नाहीत. मग:

व्हीडीयू 23,224,255,34,34,34,126,162,66,2
व्हीडीयू 224

दुसऱ्या ओळीनंतर पडद्यावर 'म' उमटतो. 224 हा अक्षराचा क्रमांक (255 पर्यंत 32 जागा मोकळ्या असतात) आणि पुढचे आठ आकडे म्हणजे वरून खाली आठ ओळी. ओळीतल्या आठ ठिपक्यांच्या किमती डावीकडून 128, 64, 32, 16, 8, 4, 2, 1. पेटलेल्या ठिपक्यांची बेरीज म्हणजे तो आकडा. पहिल्या 255 ने अख्खी शिरोरेषा पेटते, शेवटचा 2 म्हणजे उजवीकडच्या दांड्याचं टोक. सहाव्या ओळीतले 162 म्हणजे 128, 32 आणि 2: गाठीच्या दोन बाजू आणि दांडा. प्रत्येक अक्षराची पहिली ओळ 255 ठेवलीत तर शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा आपोआप जुळतात. वेलांटी, मात्रा मात्र आठ ओळींत मावत नाहीत. त्यांच्यासाठी दुसरं अक्षर आखून ते पडद्यावर मजकुराच्या वरच्या ओळीत ठेवावं लागतं.