मृगाच्या आत सांडव्याला जाळी लावा, तळ्यासाठी आणि ओढ्यासाठीही

मावळ, मुळशी, वेल्हे, भोर या पट्ट्यात तळ्यात मासे पाळणाऱ्यांनो, बाकीची कामं दोन दिवस राहू द्या. मृग तोंडावर आलाय. तुमच्या सांडव्याला जाळी आहे का, ते आजच जाऊन बघा. "पाऊस लागला की लावू" म्हणणाऱ्यांची तळी मी दर साली रिकामी होताना बघतो.

गेल्या साली पहिल्या मोठ्या पावसानंतर सकाळी ओढ्याकाठच्या एका तळ्यावर गेलो होतो. सांडव्याच्या तोंडाशी खताची रिकामी गोणी दगडाखाली दाबलेली, एवढाच काय तो बंदोबस्त. पाण्याने ती रात्रीच उपटून खालच्या बाभळीला लटकवली होती. वर्षभर सांभाळलेले रोहू-कटले गेले. त्यांच्याबरोबर गुपचूप वाढवलेले, बंदी असलेले आफ्रिकन मांगूरही गेले. त्यातला हातभर लांबीचा एक खालच्या खाचरातून चिखलात वळवळत सरळ ओढ्याकडे निघाला होता. आणि त्याच ओढ्याने खालून चढणीचे मासे, म्हणजे पहिल्या पावसात अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढणारे, वर येत होते.

हे चढणीचे मासे म्हणजे आपलं नदीचं बियाणं. खडशी, म्हणजे आपला महसीर, साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये मुळा-मुठेतला म्हणून नोंदवला. कपाळावर गाठ असलेला नुक्ता त्याने इंद्रायणीतून नोंदवला. आज तो नुक्ता ओळखणारा माणूस गावात शोधावा लागतो. खडशीची अंडी जड असतात. ती तळाच्या दगडगोट्यांत पडतात आणि फुटायला तीन-चार दिवस घेतात. तेवढ्यात वरून तुमचा मांगूर आला, तर तो तिथंच चरतो. उजनी धरणात जाळं टाकलं की चिलापीच (तिलापिया) भरते. तीही कधीतरी बाहेरून आणलेलीच.

जाळी अशी लावा. एक नको, दोन लावा. पुढे मोठ्या छिद्राची, पालापाचोळा अडवायला. तिच्या मागे दोन हातांवर बारीक, तळ्यातल्या सगळ्यात लहान माशाच्या जाडीच्या निम्मं छिद्र असलेली. एकच बारीक जाळी लावली, तर ती पाल्याने तुंबते, पाणी बांधावरून जातं आणि बांधच फुटतो. जाळी पाण्याच्या वर निदान तीन फूट हवी, कारण रोहू उडी मारतो. खालची कड मातीत वीतभर गाडा. शेडनेट स्वस्त पडतं, पण माझ्या अनुभवात दुसऱ्या पावसाळ्यात कुजतं. त्यापेक्षा कोळ्याकडचं जुनं नायलॉनचं जाळं दुहेरी करून बांधा. बांधाची उंची भरल्या पाण्याच्या वर दीड-दोन फूट नसेल, तर आधी मातीच टाका.

मोहाच्या पेंडीचं नीट ऐका. तण-मासे, म्हणजे तळ्यात आपोआप शिरलेले नको असलेले मासे, मारायला मीटरभर पाण्याला हेक्टरी 2,500 किलो ही शिफारस आहे आणि विषाचा अंमल दोन-तीन आठवडे राहतो. आजवर टाकली नसेल, तर आता टाकू नका. काजवे ओसरायला लागलेत. माझा अंदाज, दहा-बारा दिवसांत ओढे वाहतील. ते पाणी सांडव्यातून गेलं, की ऐन चढणीत ओढ्यातले सगळे मासे उलटे पडतील. तळं कोरडं करता येत असेल, तर तळाला भेगा पडेपर्यंत उन्हात तापू द्या. त्याला पैसे पडत नाहीत.

बाकीची कामं:
- चुना हेक्टरी 200 ते 250 किलो (पाण्याचा सामू, म्हणजे pH, सातच्या आसपास असल्यास)
- चुन्यानंतर आठवड्याने कुजलेलं शेण
- गाळ काढणे, बांधावरची बिळं बुजवणे
- बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) हेक्टरी 5,000 ते 10,000, तीही पाणी स्थिरावल्यावर

आता माशांचं बीज विकणारे टेम्पोवाले येतील. "देशी मांगूर आहे दादा, चार महिन्यांत किलोभर." देशी मांगूर वर्षभरात पाव किलोच्या आसपास जातो. चार महिन्यांत किलो होतो तो आफ्रिकन. त्याच्यावर केंद्राने 2000 सालीच बंदी घातली आहे. तो ओल्या जमिनीवरून चालतो, त्यामुळे जाळीही पुरी पडत नाही. तो पाळूच नका. त्याच टेम्पोत पाणी सुधारणाऱ्या बाटल्याही असतात. त्या पैशात दोन्ही जाळ्या होतात.

कुणाला पुण्य म्हणून नदीत माशांचं बीज सोडायचं असतं. हेतू चांगला, पण जपून. लोणावळ्यात वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात खडशीची पैदास अनेक वर्षं होते आणि आपल्या नद्यांसाठी ती भलीच. हीच खडशी कावेरीत सोडली गेली, तिथे फोफावली आणि तिथला मूळचा कुबड्या महसीर आज नामशेष व्हायच्या काठावर आहे. दुसऱ्या खोऱ्यातलं बीज आपल्या नदीत नको. आपलं तिकडे नको. मत्स्य विभागाला विचारल्याशिवाय तर काहीच नको.

ओढ्यावरच्या मोरीला कोयीन (मासे धरायचा सापळा) किंवा जाळं लावून अंड्याने भरलेली मादी धरू नका. फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नका. मासे मारायला पाण्यात वीज सोडणाऱ्यांना हटका.

पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री बॅटरी आणि दाताळं घेऊन सांडव्यावर जा. जोडीला कुणीतरी असू द्या, एकट्याने पाण्यात उतरू नका. पुढच्या जाळीवरचा पाला ओढून काढा, तासाभराने परत बघा. जाळी फाटली असेल, तर गोणी नको, दुसरी जाळी लावा. ती आधीच बांधावर आणून ठेवा.